ड्रोनचा फॉलो मोड पहिल्यांदा वापरताय? सोलापूरकरांसाठी पायरी पायरीने

नवीन ड्रोन घेतलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट विचारतो, ते ऑटोमॅटिक मागे येणारं कसं चालू करायचं. स्वतः गाडी चालवायची आणि ड्रोनने मागून येत शूट करायचं, किंवा भाऊ ट्रॅक्टर चालवतोय आणि त्याचा एकदम सिनेमासारखा शॉट पाहिजे. हे होतं, खरंच छान होतं. पण यूट्यूबवर बघून थेट रानात गेलात तर पहिल्याच दिवशी ड्रोन बाभळीत अडकायची शक्यता लई आहे, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी डीजेआयचे ड्रोन धरून लिहिलंय कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तेच असतात, बाकी कंपन्यांमध्ये नावं वेगळी असतील पण तत्त्व तेच.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. फॉलो मोडमध्ये ड्रोन तुमच्या माणसाकडे बघत असतो. तो ज्या रस्त्याने उडणार आहे त्या रस्त्याकडे बघायचं काम तुमचं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीतून आलंय.

१. हा मोड काय करतो ते आधी समजून घ्या

पुष्कळ जणांना वाटतं की ड्रोन मोबाईलच्या किंवा रिमोटच्या जीपीएसच्या मागे येतो. काही जुन्या ड्रोनमध्ये तसं होतं, आताचे ड्रोन कॅमेऱ्याने बघून मागे येतात. तुम्ही स्क्रीनवर बोटाने एक चौकट काढता, त्या चौकटीत जे दिसतंय त्याचा आकार, रंग, हालचाल ड्रोन लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये तेच शोधत राहतो. म्हणजे माणूस लिंबाच्या झाडाखाली गेला, दिसायचा बंद झाला, की ड्रोनच्या दृष्टीने तो गायब. परत बाहेर आला तर कधी सापडतो, कधी शेजारून चाललेला दुसराच माणूस पकडला जातो.

डीजेआय फ्लाय ऍपमध्ये चौकट काढली की खाली तीन पर्याय येतात. स्पॉटलाइटमध्ये ड्रोन स्वतःहून कुठे जात नाही, फक्त तोंड माणसाकडे ठेवतो, उडवायचं तुम्ही. पॉइंट ऑफ इंटरेस्टमध्ये तो त्या गोष्टीभोवती गोल फिरतो. आणि ऍक्टिव्हट्रॅक म्हणजे खरं मागे येणं. सगळे थेट ऍक्टिव्हट्रॅकवर जातात, माझं मत विचाराल तर पहिल्या काही बॅटऱ्या फक्त स्पॉटलाइटवर घालवा, कारण त्यात कॅमेरा सांभाळायचं टेन्शन जातं पण ड्रोन कुठे जाणार हे तुमच्या बोटात राहतं, आणि खरं सांगायचं तर लग्नाचे, शेताचे बरेचसे चांगले शॉट स्पॉटलाइटवरच निघतात.

२. तुमच्या ड्रोनमध्ये हा मोड आहे का ते तपासा

इथे लई जणांची फसगत होते. मिनी २, मिनी २ एसई, मिनी ४के आणि साधा मिनी ३ यात ऍक्टिव्हट्रॅक नाही. मिनी ३ प्रो, मिनी ४ प्रो, एअर २एस, एअर ३ यात आहे. गंमत म्हणजे ज्यात नाही त्यातही क्विकशॉट करताना स्क्रीनवर चौकट काढता येते, मग विकणारा ती चौकट दाखवून "बघा, ट्रॅकिंग आहे" म्हणतो. क्विकशॉट म्हणजे काही सेकंदांची ठरलेली एक चाल, संपली की संपली. विकत घेण्याआधी त्याच्यासमोर ड्रोन उडवायला लावा, चौकट काढा आणि खाली ऍक्टिव्हट्रॅकचं नाव येतं का ते स्वतः बघा.

दुसरं बघायचं ते सेन्सर. मिनी ३ प्रोला अडथळा बघणारे सेन्सर पुढे, मागे आणि खाली आहेत, बाजूला नाहीत. मिनी ४ प्रोला सगळ्या बाजूंनी आहेत. हा फरक ट्रॅकिंगमध्ये फार मोठा आहे, कारण माणसाच्या बाजूने समांतर उडताना ड्रोन आडवा सरकतो, आणि मिनी ३ प्रो आडवा सरकताना बाजूचं काहीच बघत नसतो. तुमच्याकडे तो असेल तर समांतर शॉट फक्त पूर्ण मोकळ्या माळावर घ्या.

३. कागदपत्रं आणि झोन

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक सोडतात, सोडू नका. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे नियम मोडला तर १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वजनावरून वर्ग ठरतो. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवत असाल तर लागत नाही, पण पैसे घेऊन शूटिंग करणार असाल तर लागतं. इथे एक बारीक सापळा आहे. मिनी ३ प्रो किंवा ४ प्रो साध्या बॅटरीवर २४९ ग्रॅमचा असतो, त्यात मोठी प्लस बॅटरी टाकली किंवा पात्यांना गार्ड लावले की वजन २५० च्या वर जातं आणि तुमचा नॅनो ड्रोन मायक्रो होतो. लग्नाच्या ऑर्डर घेणाऱ्यांनी हे नीट वाचा.

ड्रोनला यूआयएन म्हणजे नोंदणी नंबर असतो, तो सरकारच्या ऑनलाइन नोंदणीतून मिळतो. आणि ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, त्यामुळे सेकंड हँड घेताना तीन प्रश्न विचाराच: बिल आहे का, यूआयएन आहे का, आणि तो माझ्या नावावर करून देणार का. नुसतं "अहो काही होत नाही, सगळेच उडवतात" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

आता सोलापूरचं. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये पुन्हा प्रवासी विमानं सुरू झाली. त्यामुळे "इथं कुठं विमान येतंय" ही जुनी सवय सोडून द्या. विमानतळाच्या हद्दीपासून पहिल्या ५ किलोमीटरचा विचारच करायचा नाही, ५ ते ८ किलोमीटर यलो झोन म्हणजे जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच ग्रीन, म्हणजे झोनची वेगळी परवानगी लागत नाही. त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत. शहराचा मोठा भाग या आतल्या वर्तुळांमध्येच येतो. सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरच्या नकाशावर तुमची नेमकी जागा शोधा, आणि ज्या दिवशी उडवणार त्याच दिवशी शोधा, कारण झोन बदलतात.

झोनशिवायही काही जागा सोडायच्या. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याचा आहे, तिथे परवानगीशिवाय नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य तर अजिबातच नाही, माळ मोकळा दिसतो म्हणून मोह होतो पण तिथल्या पक्ष्यांना आधीच जागा उरलेली नाही, त्यांच्या डोक्यावर आपला आवाज नको. आणि जानेवारीत गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीवर ट्रॅकिंग करायचं डोक्यातसुद्धा आणू नका. एवढ्या गर्दीत चौकट दर दोन सेकंदांनी माणूस बदलणार, आणि ड्रोन पडला तर कुणाच्या तरी डोक्यातच पडणार.

४. सोबत काय न्यायचं

- पूर्ण चार्ज बॅटऱ्या, रिमोट आणि मोबाईलही चार्ज केलेला
- जास्तीची पाती आणि तो छोटा स्क्रू ड्रायव्हर
- यूआयएन, बिल आणि तुमचं ओळखपत्र, प्रिंट किंवा मोबाईलमध्ये
- मेमरी कार्ड, व्ही३० (कार्डावर लिहिलेला वेगाचा वर्ग) किंवा वरचं, नाहीतर ४के रेकॉर्डिंग मध्येच थांबतं
- टेकऑफसाठी पॅड, नसेल तर प्लायचा तुकडा
- सोबत एक माणूस

पॅडबद्दल सांगतो. आपल्याकडे सोपं म्हणून जुनी चादर पसरतात. चादरीचा कोपरा पात्यांच्या वाऱ्याने उचलला जातो आणि थेट पात्यात येतो. पसरायचीच तर चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, पण त्यापेक्षा प्लाय बरा. नुसत्या जमिनीवरून उडवलं तर काळ्या रानातली बारीक धूळ मोटारमध्ये आणि कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलमध्ये जाते, आणि ज्वारी काढलेल्या रानात धसकटं असतात, ती पात्यांना लागतात.

सोबतचा माणूस ही चैन नाही. तुम्ही स्क्रीन बघत असताना तो आकाशातला ड्रोन बघतो आणि "थांब" म्हणून ओरडतो. तुमचा विषय जो आहे, म्हणजे गाडी चालवणारा किंवा पळणारा, तो हे काम करू शकत नाही. तिसरा माणूस पाहिजे.

५. जागा निवडा आणि रस्ता पायी चालून बघा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त ड्रोन इथेच वाचतात.

पहिल्या सरावाला सगळ्यात चांगली जागा म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी झालेलं रान. उभ्या ज्वारीत नको, माणसापेक्षा उंच पीक असतं, माणूस दोन पावलं आत गेला की दिसेनासा होतो. उसाचंही तेच. हुरड्याच्या पार्टीत सगळ्यांना आपला व्हिडिओ पाहिजे असतो, तेव्हा बांधावरून चालणाऱ्या माणसाला ट्रॅक करा, पिकात घुसणाऱ्याला नको.

आता माणूस ज्या वाटेने जाणार ती वाट तुम्ही स्वतः चाला, आणि चालताना खाली नाही, वर बघा. ड्रोन माणसाच्या मागे ८-१० मीटरवर आणि ५-६ मीटर उंच असणार, म्हणजे तो माणसाच्या वाटेने जाणारच नाही, त्याची वाट वेगळी आहे. माणूस झाडाखालून आरामात जातो, ड्रोन त्याच झाडाच्या फांदीत जातो. वळणावर माणूस वळतो आणि ड्रोन कोपरा कापून आत येतो, तिथे आत काय आहे ते बघा.

मुख्य शत्रू म्हणजे तारा. महावितरणच्या शेतातल्या लाइनी, मोटारीला ओढलेली सर्व्हिस वायर, द्राक्षबागेच्या आणि डाळिंबाच्या तारा, कुंपणाच्या तारा. ड्रोनचे सेन्सर कितीही भारी असले तरी बारीक तार त्यांना दिसत नाही, वाळलेल्या बाभळीच्या काटक्या दिसत नाहीत. हे कंपनीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. म्हणून नियम ठेवा: वाट जिथे तारेखालून जाते तिथे ट्रॅकिंग आधीच थांबवायचं, पलीकडे परत चालू करायचं. एका शॉटमध्ये तार ओलांडायची नाही.

पाण्याचं वेगळं. हिप्परगा तलावाच्या कडेने सायकल चालवणाऱ्याचा शॉट दिसायला फार सुंदर येतो. पण ड्रोनच्या पोटाखालचे सेन्सर जमिनीवरच्या खुणा बघून जागा धरतात, पाण्यावर त्यांना खुणा मिळत नाहीत, चकाकी आणि लाटा मिळतात, मग ड्रोन खाली उतरू लागतो किंवा वाहत जातो. पाण्यावरून नेत असाल तर उंची भरपूर ठेवा, आणि शक्यतो ड्रोन काठाच्या बाजूला आणि पाणी मागच्या फ्रेममध्ये असा कोन घ्या. शॉट तोच दिसतो.

शेजारच्या रानात बायामाणसं कामाला असतील तर आधी जाऊन सांगा, मावशी, असं असं शूटिंग करतोय, तुमच्याकडे येणार नाही. न सांगता डोक्यावर कॅमेरा फिरला तर लोक चिडतात आणि बरोबरच चिडतात. बैल, म्हशी जवळ असतील तर लांबच ठेवा, आवाजाने दावं तोडतात.

६. उडवण्याआधीची सेटिंग

अडथळा आला तर काय करायचं या सेटिंगमध्ये तीन पर्याय असतात: वळसा घालणे, थांबणे, बंद. नवीन असाल तर थांबणे ठेवा, पण ऍक्टिव्हट्रॅक चालू असताना मिनी ३ प्रोसारखे ड्रोन ही सेटिंग न मानता वळसाच घालतात, म्हणून झाडांपासून लांब राहा. वळसा घालताना ड्रोन स्वतःच्या मनाने कुठल्या बाजूला जाईल ते तुम्हाला आधी कळत नाही, आणि झाडांच्या जवळ तो एका फांदीला चुकवून दुसरीत जातो. बंद कधीच ठेवायचं नाही. स्पोर्ट मोडमध्ये हे सेन्सर आपोआप बंद होतात, त्यामुळे बटण नॉर्मलवर आहे ना ते बघा.

रिटर्न टू होमची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येताना ज्या उंचीवरून येतो ती, आजूबाजूच्या सगळ्यात उंच गोष्टीपेक्षा जास्त पाहिजे, पण तुमच्या झोनच्या मर्यादेच्या आत. २०० फुटांच्या पट्ट्यात असाल तर २०० फूट म्हणजे साधारण ६० मीटर, त्याच्या खाली ठेवा. आणि लक्षात घ्या, सिग्नल तुटला तर ड्रोन तुम्ही आत्ता उभे आहात तिथे येत नाही, जिथून उडाला तिथे जातो. ट्रॅकिंग करत करत तुम्ही गाडीवर बसून दोन किलोमीटर पुढे आला असाल तर तो मागे त्या रानात जाऊन उतरेल. जागा बदलली की ऍपमध्ये होम पॉइंट नवीन करा.

व्हिडिओ ४के ३० वर, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवा. मिनी ३ प्रो, एअर २एस अशा काही मॉडेलमध्ये ४के ६० निवडलं की ट्रॅकिंगची चौकटच निघत नाही, मग लोकांना वाटतं ड्रोन खराब झाला.

टेकऑफ लोखंडी पत्र्यावरून, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून, बोअरच्या केसिंग पाइपजवळून करू नका, कंपास बिघडतो. होम पॉइंट रेकॉर्ड झाला असं ऐकू येईपर्यंत वर उचलू नका.

७. आता प्रत्यक्ष ट्रॅकिंग

ड्रोन ५-६ मीटर वर न्या आणि थांबवा. माणूस ड्रोनपासून ८-१० मीटरवर, मोकळ्या जागेत, स्थिर उभा. कपडे जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाचे, काळ्या मातीवर काळा टीशर्ट आणि वाळलेल्या गवतावर खाकी नको. लाल, पांढरा, पिवळा चांगला.

चौकट काढताना पूर्ण माणूस आत घ्या, पायापासून डोक्यापर्यंत, पण आजूबाजूचं रान जास्त घेऊ नका. मोटरसायकल असेल तर गाडी आणि माणूस मिळून एक चौकट. ड्रोनने नीट ओळखलं की माणसावर अधिकचं चिन्ह येतं, ते दाबलं तरी चालतं आणि ते जास्त पक्कं धरतं. मग ऍक्टिव्हट्रॅक निवडा, ड्रोन मागे राहणार का बाजूला ते ठरवा, पहिल्यांदा मागेच ठेवा, आणि गो दाबा.

माणसाला सांगा, हळू चाल. सरळ. दहा पावलं. थांब. ड्रोन थांबतो का बघा. मग वळ. मग थोडं पळ. असं टप्प्याटप्प्याने. चालू असताना तुम्ही रिमोटच्या काड्या हलवून उंची आणि अंतर बदलू शकता, ट्रॅकिंग तुटत नाही, हे आधी मोकळ्यात हाताला सवय करून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिमोटवरचं पॉज बटण. अंगठा त्याच्यावरून हलवायचा नाही. स्क्रीनवरचं स्टॉप उन्हात दिसत नाही, घामेजल्या बोटाने दाबलं जात नाही, रिमोटवरचं बटण मात्र लगेच काम करतं. मी नवीन माणसाला ट्रॅकिंग शिकवताना आधी दहा मिनिटं फक्त पॉज दाबायला लावतो.

गाडीला अंतर जास्त पाहिजे, २० मीटरच्या पुढे. वेगाचा हिशोबही करा, मिनी ३ प्रो नॉर्मल मोडला सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, मिनी ४ प्रो १२ मीटर म्हणजे ४३ च्या आसपास. गाडी त्यापेक्षा जोरात गेली की ड्रोन मागे पडणार आणि विषय सुटणार. ३० च्या आत चालवा, व्हिडिओत वेग आपोआप जास्त वाटतो कारण ड्रोन कमी उंचीवर उडतोय. आणि हे खाजगी वाटेवर, शेतरस्त्यावर. हायवेवर वाहतूक चालू असताना नाही.

८. चौकट सुटली तर

घाबरून काड्या ओढू नका. पॉज. ड्रोन जागेवर थांबेल. माणसाला हात वर करून मोकळ्यात यायला सांगा, परत चौकट काढा.

सारखी सुटत असेल तर कारणं ठरलेली असतात. दोघं तिघं सारख्या कपड्यात जवळजवळ चालतायत, हे लग्नाच्या वऱ्हाडात आणि क्रिकेटच्या टीममध्ये हमखास होतं. माणूस सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत जातोय. माणूस फ्रेममध्ये फारच लहान दिसतोय म्हणजे ड्रोन लांब आहे. किंवा दिवस मावळलाय. संध्याकाळचा प्रकाश सगळ्यांना हवा असतो, पण उजेड कमी झाला की चौकटही सुटते आणि अडथळ्याचे सेन्सरही बंद पडतात, ऍप तशी सूचना देतं. ती सूचना आली की ट्रॅकिंग बंद, हाताने उडवा नाहीतर उतरवा. सोनेरी उजेडाचा शॉट सूर्य क्षितिजाच्या थोडा वर असतानाच उरकून घ्या.

९. ऊन, वारा आणि घारी

मिनी ड्रोन ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा त्याच्या पुढे जातो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा थेट संध्याकाळी. मोबाईल आधी तापतो, स्क्रीन मंद होते, ऍप अडकतं आणि ट्रॅकिंग चालू असताना तुम्हाला काहीच दिसत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटऱ्या ठेवू नका.

वारा खाली नसला तरी वर असतो. ड्रोन वाऱ्यासोबत माणसाच्या मागे लांब गेला की परत येताना समोरून वारा, आणि बॅटरी दुप्पट वेगाने उतरते. म्हणून सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करा, येताना सोपं जातं. घार किंवा ससाणा घिरट्या घालायला लागला तर ट्रॅकिंग सोडा, ड्रोन सरळ वर घ्या, पक्षी खालून वर पटकन येत नाही, मग बाजूला नेऊन उतरवा. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा दिसतच नाही, त्या आठवड्यात गावात उडवू नका.

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की शॉट कितीही चांगला चालू असला तरी परत बोलवा. मिनी ३ प्रो आणि ४ प्रोला कंपनी ३४ मिनिटं लिहिते ती वारा नसताना सावकाश उडवल्यावरची, ट्रॅकिंगमध्ये थांबणं-पळणं-वळणं चालू असतं, प्रत्यक्षात २०-२२ मिनिटं धरून चाला. उतरवल्यावर पाती हाताने फिरवून बघा, कडेला खाच असेल तर ते पातं बदला, आणि जोडीतलं दुसरंही बदला. बॅटरी गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत थंड होऊ द्या, तोपर्यंत कार्ड काढून क्लिप मोठ्या स्क्रीनवर बघा, चौकट नेमकी कुठे सुटली ते तिथे स्पष्ट दिसतं आणि पुढच्या वेळी त्या जागी पॉज कधी दाबायचं ते कळतं.